अर्धी उन्हात, अर्धी झाकलेली

हुमनाबादहून संध्याकाळी येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं निरोप आणला. मी तेव्हा गुलबर्ग्याच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात सुया उकळायला ठेवत होते. दारातूनच तो म्हणाला, "सिस्टर, दुबलगुंडीचे मास्तर गेले. आज दुपारी. रातच्या आत या म्हनलेत." मी विचारलं, "दुपारी म्हंजे किती वाजता?" तो बिचारा गोंधळला. सख्खा भाऊ गेल्यावर कुणी आधी वेळ विचारतं का? पण माझ्या तोंडून तेच निघालं. "बाराच्या टायमाला असेल बघा," तो म्हणाला. मी स्टोव्ह बंद केला आणि तिथंच स्टुलावर बसले. त्या घरात गेली सतरा वर्षं जे काही व्हायचं, ते बाराच्या सुमाराला व्हायचं.

त्याच्या पंधराच दिवस आधी मी त्याला भेटून आले होते. छातीचा आजार, बसून झोपायचा, दोन शब्द बोलला की धाप लागायची. वहिनी चुलीपाशी होती. त्यानं मला जवळ बोलावलं आणि वर माळवदाकडं बोट दाखवून म्हणाला, "सुले, मी गेल्यावर ती ताटली काढ. बिदरला ने. किल्ल्याच्या मातीत उकळून घे. पण घासू देऊ नको कुणाला… खालचं फडकं अगदी उकळायच्या टायमाला सोड. आन् दोन्ही अर्ध्यांत फरक दिसतो का बघ." मी म्हटलं, "आन् न्हाई दिसला तर?" त्यानं आधी धाप आवरली. मग म्हणाला, "तर मग पोरगी फुकट गेली."

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. नामदेव मास्तर म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा अण्णा. हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, बापानं घरातले देव पोत्यात घालून ओढ्यात सोडले, तेव्हा हा मॅट्रिकला होता. त्या दिवसापासून त्याला एकच शब्द सापडला, "दाखव." भानामती केली म्हणतात? दाखव. चिंचेवर हडळ आहे? चल, दाखव. शाळेतली पोरं त्याच्या माघारी त्याला 'दाखव मास्तर' म्हणायची आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मी तोंडाची फटकळ, मनात आलं की बोलून मोकळी. तो शांत. इतका शांत की कधी कधी डोकं फिरायचं माझं.

चंद्रावर माणूस उतरला त्या पावसाळ्यात सोलापूरचा पेपर आमच्या गावी दोन दिवस शिळा होऊन यायचा. सगळं गाव त्या माणसाचा झगा आणि धुळीत उमटलेला बूट बघत होतं. अण्णा बघत होता भलतंच. जमिनीत रोवलेली एक काठी आणि तिला टांगलेला टॉवेलाएवढा चकचकीत पत्रा! दोन दिवस तो तेच चित्र घेऊन बसला. मग मला समोर बसवून सांगितलं. सूर्यातून अतिशय बारीक कणांचा वारा सारखा सुटलेला असतो. चंद्रावर हवा नाही, त्यामुळं तो थेट जमिनीवर येऊन आदळतो. त्या माणसांनी पातळ पत्रा सूर्याकडं तोंड करून लावला, तास-सव्वा तास ठेवला, गुंडाळला आणि घरी घेऊन आले. आता तो वितळवून आत सूर्याचं काय काय अडकलंय ते शोधणार. मी म्हटलं, "सूर्याचा तुकडा आणला म्हण की घरी!" "तुकडा न्हाई," तो म्हणाला, "नमुना." मग स्वतःशीच एकदा परत म्हणाला, "नमुना… गेला, आन् परत आला."

पुढच्या रविवारी किराणा दुकानातून चहाच्या पेटीतला चांदीसारखा कागद मागून आणला आणि माळवदावर काठीला टांगला. संध्याकाळपर्यंत वाऱ्यानं त्याच्या चिंध्या केल्या. मी पोट धरून हसले. म्हटलं, "अण्णा, तूच सांगितलास ना, हवा मधी आली की तो वारा पोचत न्हाई? मग कामून हा उद्योग करायलास?" त्याला राग आला नाही. "पुस्तकात तसंच हाय," म्हणाला. "पण थोडा तरी येत असेल की."

हे एवढ्यावरच संपलं असतं. पण त्या हिवाळ्यात आम्ही बिदरला गेलो. त्याच्या एका विद्यार्थ्याचा बाप बिदरी काम करायचा, म्हातारा, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. कागद फाटतो तर धातूची ताटलीच घ्यावी म्हणून अण्णा त्यांच्याकडं निघाला. बरोबर मी आणि त्याची सुजाता. सुजी तेव्हा पाच-सहा वर्षांची, सारखी बडबड, आणि उजव्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वाकडी. ती करंगळी आमच्या घराण्याची, माझीही तशीच आहे. उस्ताद माती आणायला किल्ल्यात निघाले होते, त्यांच्या मागं आम्हीही गेलो. एका पडक्या दालनाच्या आतल्या खोलीत वाकून शिरावं लागलं. दिवसाउजेडी तिथं हाताला हात दिसेना. गारवाही असा की, थंडी म्हणवत नाही, पण अंगावर काटा आला. उस्तादांनी भिंतीच्या बुडाशी खरवडून चिमूटभर माती जिभेवर ठेवली, चघळली, थुंकली, आणि म्हणाले, "ये मिट्टीकू सैकडों बरस से न धूप लगी, न बारिश. इसी वास्ते काला करती."

बिदरी काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जस्त आणि थोडं तांबं मिळून ओतलेलं भांडं राखाडी असतं. त्यात चांदीची तार ठोकतात, मग ही माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवतात. सगळा धातू काळा कुळकुळीत होतो, चांदी तेवढी पांढरी राहते. बाहेरची साधी माती घेतली तर काही होत नाही. अण्णा त्या अंधारात भिंतीला हात लावून उभा होता. मला वाटलं घाबरला. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाला, "सुले, ऊन न लागलेल्या मातीत गुण हाय, आन् ऊन लागलेल्या मातीत न्हाई. म्हंजे ऊन जमिनीवर कायतरी टाकायलंय. पुस्तकवाल्यांनी बिदरची माती कुठं बघितलीय?" आज मला कुणी सांगतं की त्या मातीत सोरा असतो, बाहेरच्या मातीतला तो पावसानं धुऊन जातो, उन्हाचा काही संबंध नाही. असेल. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत बघून मलाही वाटलं, की असेल बाबा. आणि तेवढ्यात सुजी दालनातून मागून आली, तोंड वाकडं करत. तिनंही उस्तादांचं बघून माती चाटली होती. "खारट हाय," म्हणाली. आम्ही सगळे हसलो… अण्णा सुद्धा.

उस्तादांनी एक कोरी ताटली ओतून दिली, वीतभर रुंद, कानशीनं गुळगुळीत केलेली, नक्षी नाही, चांदी नाही. घरी आल्यावर अण्णानं ठरवलं की तिचा वरचा अर्धा भाग उन्हात ठेवायचा आणि खालचा मेणकापडात शिवून टाकायचा. पुढं कधीतरी दोन्ही मातीत उकळायचे. उन्हानं खरंच काही टाकलं असेल तर दोन अर्ध्यांत फरक दिसेल. वहिनी शिवायला बसली तेव्हा आमची जेवणं चालली होती, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर करडीचं तेल. "धरायला कुणीतरी ये ग," वहिनी म्हणाली, तशी सुजी पानावरून उठून तशीच धावली आणि फडकं वर चढेपर्यंत कोरी ताटली उजव्या हातानं खालच्या कडेला धरून बसली. शिवून झाल्यावर अण्णानं टाके तपासले आणि म्हणाला, "आता हे सोडायचं न्हाई."

ताटली माळवदावरच्या खांबाला सुंभानं टांगली. सकाळी पूर्वेकडं तोंड, बाराला दक्षिणेकडं, मग पश्चिमेकडं. सकाळ-संध्याकाळ अण्णा फिरवायचा. दुपारी तो शाळेत, म्हणून बाराचं काम सुजीचं. पावसाळ्यात ताटली घरात. बाकी एक दिवस चुकला नाही. ती मोठी झाली तशी बापापेक्षा जास्त पक्की झाली त्या कामात. मैत्रिणींना सांगायची, "मी सूर्याचा वारा धरायलेय."

मग तो दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, एका घागरीसाठी दोन मैल जावं लागायचं. त्या उन्हाळ्यात मी रजा घेऊन तिकडंच होते. शाळेला सुट्टी होती, पण अण्णा त्या दिवशी दुष्काळी कामावरच्या लोकांची नावं लिहायला गेला होता. बारा वाजायला आले तशी सुजी जिन्याकडं निघाली. वहिनीनं हाक मारली, "सुजे, ऊन लई हाय. आधी पाणी पिऊन जा." तिनं वरूनच उत्तर दिलं, "फिरवून येते, मग पिते." एवढंच. आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो. किती वेळ गेला कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि नर्स असून माझ्याही आलं नाही, हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते. वर जाऊन पाहिलं तर ती खांबापाशी पडलेली. ताटली बरोबर दक्षिणेकडं फिरवलेली होती आणि तिची सावली पोरीच्या तोंडावर होती. अंग चटका बसेल इतकं तापलेलं. मला येत होतं ते सगळं केलं. संध्याकाळी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन माणसं उठून गेल्यावर, मी वर गेले आणि ताटली उतरवायला लागले. फडकं फाडून तिला विहिरीत टाकायचं होतं मला. अण्णानं माझं मनगट धरलं. आयुष्यात तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला, "हात लावू नको!" मग माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. म्हटलं, "तुझ्या ताटलीनं पोरगी खाल्ली! सूर्याचं काय आलं रे तुझ्या हातात? दाखव की! दाखव!" त्याचाच शब्द मी त्याच्या तोंडावर मारला. त्यानं माझं मनगट सोडलं. दोन वर्षं मी त्या घराची पायरी चढले नाही.

परत गेले ते वहिनीच्या पत्रामुळं. तिनं शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलं होतं, 'अक्का, एकदा दुपारच्याला येऊन बघा.' गेले. वहिनी सुजीनंतर माळवदावर कधीच चढली नव्हती, पण अंगणातून खांब दिसतो. सकाळी अण्णा ताटली पूर्वेकडं करून शाळेला गेला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही दोघी अंगणात बसलो. नजर हलवायची नाही असं ठरवलं होतं, पण दारात कुत्रं आलं, त्याला हाकललं, आणि परत वर बघितलं तर ताटली दक्षिणेकडं तोंड करून होती. वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. वहिनी हळूच म्हणाली, "बघितलात? रोज असंच. मला वाटायचं हे येऊन फिरवायलेत. त्यांना वाटायचं मी." संध्याकाळी मी अण्णाला विचारलं. तो म्हणाला, "सुंभ तापलं की पीळ सुटतो, ताटली फिरते. त्यात काय हाय?" मी म्हटलं, "मग गार झाल्यावर परत कामून फिरत न्हाई?" त्यावर दाखव मास्तर उठून कंदील लावायला गेला.

पुढची पंधरा वर्षं मी त्याला तसाच पाहिला. डोक्याचे केस गेले, शाळेत नवे मास्तर आले, वीज आली, तरी सकाळी तो ताटली पूर्वेला करायचा आणि संध्याकाळी पश्चिमेला. बाराला कधीच वर गेला नाही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाही. ते काम त्यानं कुणाला दिलं नाही आणि स्वतःही केलं नाही. घरी असला की बाराच्या सुमाराला जिन्याखाली पाठ टेकून बसायचा, हातातलं पुस्तक उघडं ठेवून, पान न उलटता. एकदा मी विचारलं, "फडकं सोडून एकदाच बघून टाक ना काय ते. इतकी वर्षं झाली." तो म्हणाला, "आन् काही नसलं तर?" मग मी तो विषय काढला नाही. भाऊ होता माझा. आणि मला त्याचा राग कमी आणि माझ्याच त्या बोलण्याची लाज जास्त वाटायची… माफी मात्र मागितली नाही. ती राहून गेली.

त्याचं पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्या दिवशी मी ताटली टॉवेलात गुंडाळून बिदरची गाडी धरली. उस्ताद आता नव्वदीला टेकलेले, भट्टी मुलगा बघतो. मुलानं ताटली पाहून मान हलवली. म्हणाला, "अक्का, बिना घिसे काला नै चढता. दाग पडते." मी म्हटलं, "पडू दे. घासायचं न्हाई." त्यानं माती आणि नवसागर उकळायला ठेवला. वास नाकात बसला, त्या अंधाऱ्या खोलीचाच वास. मी कात्रीनं टाके उसवले. वहिनीच्या हातचे टाके, वीस वर्षांत एकही सुटला नव्हता. फडक्याखालचा भाग नुसता राखाडी दिसला, काही नाही. मुलानं ताटली चिमट्यानं उकळत्या पाण्यात सोडली, फिरवली, काढली, गार पाण्यात बुडवली आणि फडक्यानं टिपली. मग त्यानं ताटली तशीच बापाच्या हातात दिली.

वरचा अर्धा, वीस वर्षं सूर्याकडं तोंड करून राहिलेला, डागाडागांचा काळा झाला होता. त्यात काही नव्हतं. ऊन, वारा, धूळ, बाकी काही नाही. खालचा अर्धा शाईसारखा काळा. आणि त्या काळ्यात, कडेशी, पाच पांढरी बोटं. एवढीशी. उजवा हात. करंगळी आत वाकलेली.

उस्तादांनी ती उजेडाकडं धरली. "तेल लगेला हात है, अक्का," म्हणाले. "तेल जहाँ सूख के बैठ गया, वहाँ मिट्टी नै चढती." करडीचं तेल. पानावरून उठून आलेली पोरगी. सगळं कळलं मला, कारण कळलं, तरी मी त्या करंगळीशेजारी माझी करंगळी ठेवून बघितली. म्हाताऱ्यानं विचारलं, "किसका हात है?" मी पदर तोंडाला लावून त्यांच्या ओट्यावर रडले, सतरा वर्षांचं एकदम. परतीच्या गाडीत ताटली मांडीवर घेऊन मी भावाशी बोलत होते, शेजारचा माणूस बघतोय याची पर्वा न करता. फरक दिसतो, अण्णा. दिसतो रे. तू दाखवलास… मला माफ कर.

त्याला ठाऊक होतं का? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. टाके घालताना तो समोरच उभा होता. तिचे हात तेलाचे आहेत हे त्यानं बघितलं असेल, आणि विज्ञानाच्या मास्तराला तेलाचं काय होतं ते सांगायला नको. मग ते फडकं त्यानं का सोडलं नाही आणि मला का सोडायला लावलं, याचं उत्तर तो घेऊन गेला.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. वहिनीच्या मांडीवर मी ताटली ठेवली. तिनं हात लावला नाही. फक्त वाकून वाकून बघत राहिली, आणि मग विचारलं, "आता हिला कुठं ठेवायची?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा." ती म्हणाली, "जिथं होती तिथं."

सकाळी मी ती वर टांगली, पूर्वेकडं तोंड करून. सुंभ कुजलं होतं, म्हणून किराणा दुकानातून विणलेली नायलॉनची दोरी आणून बांधली. तिला पीळ नसतो, हे मी मुद्दाम बघून घेतलं होतं. खाली येऊन आम्ही दोघी अंगणात बसलो, डाळ निवडत. कुणी वर गेलं नाही, जिना आमच्या डोळ्यांसमोर होता. बाराच्या सुमाराला मी मान वर केली. ताटली दक्षिणेकडं होती, आणि ती पाच बोटं उन्हात लख्ख दिसत होती. मी वहिनीकडं बघितलं. तिनं आधीच बघितलं होतं. सूप बाजूला ठेवून ती उठली, रांजणातून तांब्या भरून घेतला, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा माळवदाचा जिना चढली, गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी. अण्णा असता तर म्हणाला असता, काय हा वेडेपणा, दाखव कोण हाय ते. ताटलीच्या सावलीत तिनं तांब्या ठेवला. खालून मला तिचा आवाज ऐकू आला, अगदी रोजचा, थोडा रागावलेला.

"सुजे, आधी पाणी पी. मग फिरव."